एमएस आणि मंदावलेला विचार : पंधरा मिनिटांच्या ‘बायकॅम्स’ चाचणीचं परीक्षण

मल्टिपल स्क्लेरॉसिसचं (एमएस) निदान झालं की मुंबईत पेशंटच्या हातात आधी येतो तो एमआरआयचा मोठा लिफाफा. आत फिल्म, सीडी आणि दोन पानांचा रिपोर्ट. मेंदूत कुठे कुठे चट्टे आहेत, किती जुने, किती नवे, एवढं त्यात लिहिलेलं असतं. घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला : ‘चट्टे वाढले नाहीत म्हणताय, मग हिला साधा महिन्याचा हिशेब करायला एवढा वेळ का लागतो?’ याचं उत्तर त्या लिफाफ्यात मिळत नाही. ते शोधण्यासाठी एक वेगळी चाचणी आहे, बायकॅम्स नावाची. वेळ साधारण पंधरा मिनिटं. साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि स्टॉपवॉच. ती बहुतेक वेळा आपणहून मागून घ्यावी लागते. आमचं मत आधीच सांगतो : एमएस असलेल्या प्रत्येकाने ही चाचणी निदानानंतर लवकर एकदा आणि नंतर दरवर्षी करून घ्यावी. मात्र ती ज्या पद्धतीने घेतली जाते त्यावर तिची सगळी किंमत ठरते, आणि घोळ तिथेच होतात.

चट्ट्यांची संख्या पाहून विचारशक्तीचा अंदाज का बांधता येत नाही, हे कळल्याशिवाय या चाचणीची गरज पटणार नाही. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चेतातंतूंवरच्या मायलिन या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन शाबूत असताना संदेश तंतूवरच्या एका खाचेतून दुसऱ्या खाचेत उडी मारत जातो, म्हणून तो वेगवान असतो. वेष्टन गेलं की तोच संदेश रांगत जातो, कधी मध्येच विरतो. काही ठिकाणी तंतूच तुटतो, आणि तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. रविवारच्या मेगाब्लॉकला जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवतात ना, तसंच हे : गाडी पोचते, पण उशिरा, आणि तिच्यामागच्या सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून एमएसमध्ये विचारशक्तीपैकी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जणांमध्ये बिघडतो तो विचारांचा वेग. भाषा, ओळख, जुन्या आठवणी बऱ्याचदा चांगल्या राहतात. त्यामुळे गप्पा मारताना माणूस अगदी नेहमीसारखा वाटतो. दादरला ‘गाडी आज दुसऱ्या फलाटावर येईल’ अशी घोषणा होते तेव्हा फरक उघडा पडतो : ऐकायचं, समजून घ्यायचं, पूल शोधायचा आणि तेवढ्यात गर्दीतून वाटही काढायची. एकेक काम जमतं, चारही एका वेळी जमत नाहीत.

आता चट्ट्यांची जागा. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला, मेंदूच्या बाह्यपटलालगत, मागे लहान मेंदूत आणि मेंदूच्या देठात, शिवाय मज्जारज्जूत, या एमएसच्या नेहमीच्या जागा. पाठीच्या कण्यातला छोटा चट्टा पाय लुळा करू शकतो आणि विचारांना धक्काही लावत नाही. उलट दोन्ही गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोझम किंवा कपाळामागचा भाग थॅलॅमसशी जोडणारे मार्ग यांवर चट्टे असतील, तर पाय ठणठणीत असूनही काम रेंगाळतं. थॅलॅमस हे मेंदूतलं मोठं जंक्शन. तो आकसला तर विचारगती मंदावते, आणि हा संबंध चट्ट्यांच्या एकूण आकारमानापेक्षाही घट्ट असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. याहून अडचणीची गोष्ट अशी की मेंदूच्या करड्या बाह्यपटलातले चट्टे नेहमीच्या एमआरआयवर बहुतांशी दिसतच नाहीत. रिपोर्टमधला आकडा पूर्ण नसतो, तो दिसलेल्या चट्ट्यांचा असतो. त्यात भर म्हणजे प्रत्येकाची मेंदूची शिल्लक वेगळी. शिक्षण, वाचन, आयुष्यभर डोक्याला दिलेलं काम यांतून ती जमते, आणि तेवढेच चट्टे असलेल्या दोन माणसांत एक नोकरी नीट सांभाळतो, दुसऱ्याला ती सोडावी लागते. चट्टे आणि लक्षणं यांच्या या न जुळण्याला न्यूरॉलॉजीत क्लिनिको-रेडिओलॉजिकल पॅराडॉक्स असं नावच आहे.

फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हाच स्मरण कमकुवत होतं आणि कल्पना मनात सावकाश जुळतात, असं नोंदवून ठेवलं होतं. तरीही पुढे दीर्घकाळ एमएस म्हणजे डोळे, पाय आणि लघवी, एवढ्यावरच लक्ष राहिलं. १९९१ साली स्टीफन राव यांच्या गटाने रुग्णालयाबाहेर, समाजात राहणाऱ्या पेशंटची तपासणी केली, त्यात ४३ टक्के जणांमध्ये बौद्धिक अडचण आढळली. म्हणजे ‘हल्ली लक्षात राहत नाही’ अशी तक्रार करणारा माणूस कुढत बसलेला किंवा आळशी नसतो. त्याच्या तक्रारीला मेंदूत जागा आहे.

बायकॅम्स २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने ठरवली ती याच गरजेतून. हातात मानसतज्ज्ञ नाही, तास-दीड तास नाही, तरी साध्या न्यूरॉलॉजी ओपीडीत मोजमाप व्हावं, हा हेतू. तिचे भाग तीन.

पहिला भाग चिन्ह-अंकांचा, एसडीएमटी. वर एक किल्ली छापलेली : नऊ चिन्हं, त्यांच्याखाली १ ते ९ अंक. खाली नुसत्या चिन्हांच्या रांगा. पेशंटने किल्ली पाहून एकेका चिन्हाचा अंक मोठ्याने सांगायचा, तपासणाऱ्याने लिहायचा. आधी दहा चिन्हांचा सराव, मग बरोबर ९० सेकंद. जितकी उत्तरं बरोबर तितके गुण, कमाल ११०. सगळ्या संचात आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो तो हाच भाग. डोळा, तेवढ्यापुरतं स्मरण, लक्ष आणि बोलणं हे सगळं एका साखळीत येतं आणि घड्याळ चालू असतं, म्हणून मंदावलेला वेग लपून राहत नाही. अंक हाताने लिहायची पद्धतही आहे, पण एमएसमध्ये हात थरथरत असेल तर ती विचारांऐवजी हाताची परीक्षा होते. तोंडी पद्धतच मागा. वर्षभराने गुण चार किंवा त्याहून जास्त घसरले तर तो बदल गांभीर्याने घ्यावा, असं सर्वसाधारण मानलं जातं. पहिल्या वर्षी ५२ आणि दुसऱ्या वर्षी ४७ आले, तर ‘थोडंसंच तर कमी आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा भाग शब्दांचा. चार गटांतले, प्रत्येकी चार असे सोळा शब्द, साधारण सेकंदाला एक या वेगाने वाचून दाखवतात. एका गटाचे शब्द लागोपाठ येत नाहीत, मिसळलेले असतात. ऐकून झाल्यावर आठवतील ते कोणत्याही क्रमाने सांगायचे. असं पाच वेळा, कमाल गुण ८०. पाच फेऱ्यांचा आलेख पाहण्यासारखा असतो. पहिल्या फेरीत पाच शब्द आणि पाचव्या फेरीत तेरा, म्हणजे शिकणं सुरू आहे, फक्त सावकाश. पाच, सहा, सहा, सहा, सात असं रेंगाळलं तर माहिती डोक्यात शिरतानाच सांडते आहे. रिपोर्टात नुसती बेरीज देऊन हा आलेख गाळला असेल तर तो आवर्जून मागून घ्या. घरी काय करायचं ते त्यावरच ठरतं.

तिसरा भाग आकृत्यांचा, बीव्हीएमटी-आर. सहा साध्या भौमितिक आकृत्यांचं पान दहा सेकंद दाखवतात, मग ते काढून घेऊन कोऱ्या कागदावर आठवून काढायला सांगतात. तीन फेऱ्या. आकृती बरोबर असेल तर गुण, तिची जागा बरोबर असेल तर गुण, मिळून कमाल ३६. गुण देण्यात माणसागणिक फरक पडतो तो याच भागात. थरथरत्या हाताची वाकडी रेघ ही चूक धरायची नसते, आकार ओळखू येतो का ते पाहायचं असतं. नवख्या तपासनीसाकडून इथे विनाकारण गुण कापले जातात.

‘आमच्याकडे मेमरी टेस्ट होते’ असं सांगून पुष्कळ ठिकाणी एमएमएसई घेतात, तिच्याविषयी स्पष्ट बोलायला हवं. आज वार कोणता, हे ठिकाण कोणतं, १०० मधून ७ वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा, असे ३० गुणांचे प्रश्न. ही चाचणी स्मृतिभ्रंश ओळखायला बनली. तिच्यात वेळेचं बंधन नाही, आणि एमएसमध्ये बिघडतो तो वेगच. ३० पैकी २९ मिळवून पेशंट घरी येतो, घरचे म्हणतात ‘बघ, काही झालेलं नाही’, आणि ऑफिसात त्याची अडचण तशीच राहते. तशीच ३० गुणांची मोका ही चाचणी थोडी बरी आहे, तरी ९० सेकंदांच्या एसडीएमटीची जागा ती घेत नाही. एमएससाठी एकच चाचणी करायला वेळ असेल तर ती एसडीएमटी असावी.

बायकॅम्समधली उणीव अशी की नियोजन, एका कामातून दुसऱ्यात जाणं, शब्द पटकन सुचणं, उतावळेपणा आवरणं यांना ती हात लावत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत फोनवर बोलणं ज्याला जमेनासं झालंय, त्याच्या तिन्ही भागांचे गुण सर्वसाधारण येऊ शकतात. अशा वेळी मोठा संच लागतो. मॅकफिम्स हा सात चाचण्यांचा संच साधारण दीड तास घेतो आणि तो प्रशिक्षित न्यूरोसायकॉलॉजिस्टनेच घ्यावा. बायकॅम्स नर्सही घेऊ शकते, पण निष्कर्ष लिहिणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे ना, ते विचारून घ्या.

भाषेचा प्रश्न मुंबईत सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. शब्दयादी इंग्रजीत बनली. तिथल्या भाज्यांची नावं मराठीत शब्दशः आणली तर एखादा शब्द घरोघरी बोलला जाणारा निघतो आणि दुसरा फक्त मॉलमध्ये दिसणारा. पालक आणि गवार लगेच लक्षात राहतात, परक्या भाजीचं नाव राहत नाही, आणि गुण त्यामुळे कमी पडतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि नंतर पंधरा वर्षं इंग्रजीत नोकरी, असे लाखो लोक इथे आहेत. यादी कोणत्या भाषेत हवी ते तपासणाऱ्याने विचारलं पाहिजे, स्वतः गृहीत धरायला नको. मराठी माणसाला घाईत हिंदी यादी वाचून दाखवणं ही तर सरळ चूक. एकदा निवडलेली भाषा पुढच्या वर्षीही तीच ठेवा. अंकांचंही तसंच. बेरीज-वजाबाकी आणि पाढे ज्या भाषेत पाठ झाले, त्या भाषेत अंक तोंडातून आपोआप येतो. एसडीएमटीला एका माणसाने एका वर्षी ‘सात’ आणि दुसऱ्या वर्षी ‘सेवन’ म्हटलं तर तुलना मोडते. गुण कोणाच्या सरासरीशी ताडले, तेही रिपोर्टात हवं : वय, शिक्षण आणि शक्यतो भारतीय लोकांची आकडेवारी. गुण सरासरीपेक्षा दीड प्रमाण विचलनाहून (गुण सरासरीभोवती सहसा किती पसरतात त्याचं माप) खाली गेले तर सहसा ‘कमी’ म्हणतात. सातवी शिकलेल्या माणसाला परदेशी पदवीधरांच्या तक्त्याशी ताडलं तर धडधाकट माणूसही ‘कमी’ ठरेल.

दुसरा घोळ वेळेचा आणि उकाड्याचा. एमएसमध्ये शरीराचं तापमान किंचित वाढलं तरी आधीच कमकुवत झालेल्या तंतूंतून संदेश जाईनासे होतात. श्रमानंतर नजर तात्पुरती अंधूक होते हे विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० साली नोंदवलं, म्हणून याला उथॉफ फेनॉमेनन म्हणतात. कल्याणहून उभ्याने प्रवास करून, मे महिन्यात घामाघूम होऊन पेशंट ओपीडीत पोचला आणि लगेच चाचणीला बसला, तर गुण आजाराचे आहेत की प्रवासाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. आधी निदान अर्धा तास थंड खोलीत बसावं, पाणी प्यावं, काही खावं. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. हवेशीर पण शांत खोली हवी : सेकंदाला एक शब्द वाचला जात असताना खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नने दोन शब्द गिळले तर ती फेरी वाया गेली.

तिसरी गोष्ट औषधांची आणि मनाची. लघवी रोखण्यासाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन स्मरणावर परिणाम करतं. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, कार्बामाझेपिन गुंगी आणतात. ही औषधं स्वतःहून बंद करू नयेत, पण यादी तपासणाऱ्याच्या हातात द्यावी. एमएसच्या अटॅकनंतर, म्हणजे लक्षणं अचानक उसळल्यावर, मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे, सहसा रोज १ ग्रॅमप्रमाणे तीन ते पाच दिवसांचे, सलाइन झाले असतील तर चाचणी काही आठवड्यांनी करावी, कारण स्टेरॉइडने तात्पुरतं स्मरण बिघडतं. नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइड आणि बी-१२ ची कमतरता यांनीही गुण घसरतात. शाकाहारी घरांत बी-१२ तर तपासावंच. बायकॅम्ससोबत नैराश्य आणि थकव्याची छोटी प्रश्नावली भरून घेणारं केंद्र आम्ही चांगलं मानतो. चष्मा घरी विसरला तर चाचणी पुढे ढकला. डोळ्याच्या नसेला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर आधी जवळचं वाचून दाखवा. चिन्हंच अंधूक दिसत असतील तर विचारांचा वेग मोजला जाणार नाही.

सरावाचा फायदाही गुणांत मिसळतो. तोच कागद सहा महिन्यांनी पुन्हा दिला की शब्द ओळखीचे वाटतात. म्हणून पर्यायी प्रती असतात, बीव्हीएमटी-आरच्या तर सहा आहेत. यंदा कोणती प्रत वापरली ते रिपोर्टावर लिहून घ्या. चाचणीचे नमुने इंटरनेटवर शोधून घरी घोटून घेणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. खरी घसरण मग त्यात लपून जाते.

एमआरआय आणि बायकॅम्स या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या जोडीने वाचायच्या आहेत, म्हणून स्कॅनविषयी थोडं. चुंबकाची ताकद निदान १.५ टेस्ला, शक्यतो ३ टेस्ला असलेलं यंत्र आणि त्रिमितीय फ्लेअर (चट्टे उठून दिसतात अशी एमआरआयची एक पद्धत) हवं. जाड कापांमध्ये मोकळी जागा सुटली तर लहान चट्टे त्यात हरवतात. नवीन औषध सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एक स्कॅन करतात, पुढची तुलना त्याच्याशी होते. दरवर्षी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर जा, आणि मागची सीडी बरोबर न्या. फिल्मवर नव्या-जुन्याची तुलना नीट होत नाही. रेडिओलॉजिस्टला नेमके दोन प्रश्न विचारा : नवे किंवा मोठे झालेले चट्टे किती, आणि तिसरी पोकळी मागच्या वेळेपेक्षा रुंदावली आहे का? तिसरी पोकळी दोन्ही थॅलॅमसच्या मधोमध असते, म्हणून ती रुंदावणं हे आतला भाग आकसल्याचं सोपं चिन्ह आहे. ‘ब्रेन व्हॉल्यूम’ मोजून देणारी सॉफ्टवेअर्स आता मिळतात, पण एकाच व्यक्तीच्या आकड्यावर लगेच विसंबू नका : अंगातलं पाणी कमी झालं किंवा स्टेरॉइड झालं तरी आकडा हलतो. एकाही नव्या चट्ट्याशिवाय एसडीएमटी घसरणं शक्य आहे, आणि हात-पाय ठीक असताना फक्त विचारशक्तीचा अटॅक येणंही. म्हणून दोन्ही कागद एकाच भेटीत न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा.

गुण कमी आले तर पुढे काय? स्मरण वाढवणारी गोळी मागू नका. डोनेपेझिल, मेमँटिन, गिंको हे तिन्ही एमएससाठी चाचण्यांत अपयशी ठरले आहेत. रोग आवरणारं औषध पुरेसं आहे का, हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्टला जरूर विचारा. उपयोगी पडतं ते प्रशिक्षण. शब्दभाग कमी असेल तर लक्षात ठेवायच्या गोष्टींची चित्रं मनात जुळवून त्यांची गोष्ट करायची पद्धत एमएसमध्ये अभ्यासून सिद्ध झाली आहे. बाजाराची यादी कोणी वाचून दाखवण्याऐवजी ‘आज भाजीला काय काय लागेल?’ असं विचारून ती पेशंटकडूनच काढून घेतली तर जास्त टिकते, कारण स्वतः तयार केलेलं जास्त लक्षात राहतं. एसडीएमटी कमी असेल तर एका वेळी एकच सूचना, बैठकीचे मुद्दे लेखी, आणि बोलणाऱ्याने वाक्यांमध्ये थोडं थांबणं. आकृतीभाग कमी असेल तर किल्ली, पास, चष्मा यांना घरात कायमची एकच जागा.

रिपोर्टाचा कागदी उपयोगही मोठा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिस स्वतंत्रपणे नोंदलेलं आहे. बाहेरून चालता-बोलता दिसणाऱ्या माणसाची अडचण दिव्यांगत्व ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे मांडायला गुणांचा लेखी आकडा लागतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना लेखी परीक्षेत केंद्र सरकारच्या नियमांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, आणि विचारगती मंदावलेल्या विद्यार्थ्याला याहून नेमकी मदत दुसरी नाही. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल तर १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई शाखेकडे विचारावं. केईएम, नायर, सायन, जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत. तिथे केसपेपर काढताना ‘एमएस आहे, एसडीएमटी हवी आहे’ असं नाव घेऊन सांगा. नुसतं ‘विसरायला होतं’ म्हटलं तर एमएमएसईच पुढे येण्याची शक्यता जास्त.

चाचणी संपल्यावर निघण्याआधी कागदावर एवढं आहे का पाहा : तिन्ही भागांचे मूळ गुण, शब्दांच्या पाचही फेऱ्या वेगवेगळ्या, कोणती प्रत, कोणती भाषा, चाचणी किती वाजता झाली आणि त्या दिवशी चालू असलेली औषधं. पुढे दरवर्षी एकच महिना ठेवा, शक्यतो उकाडा नसलेला डिसेंबर किंवा जानेवारी.